क्लस्टर उभा केला, पण सांभाळणार कोण?

मागच्या व्हिडिओत आपण कुबस्प्रे वापरून तीन मशीनचा कुबरनेटीस क्लस्टर उभा केला. मशीनची यादी भरली, एक कमांड दिली, चहा पिऊन आलो तर क्लस्टर तयार. व्हिडिओ बऱ्याच जणांना आवडला, म्हणूनच हे लिहितोय. आम्ही शिकवणारे लोक इथे अर्धंच शिकवतो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. कंटेनर म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना सिंदी (रेल्वे)चं ड्राय पोर्ट आठवतं, आणि ते चूक नाही. आत माल कोणताही असो, क्रेनला डबा सारखाच. तसंच सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या फायलींसकट डब्यात भरलं की या मशीनवर चालतं तसंच त्या मशीनवर चालतं. डबे वाढले की कोणता कुठे ठेवायचा, एखादा बंद पडला तर परत कोण चालू करणार, हे बघायला कुबरनेटीस. गुगलनं ते २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. अ‍ॅन्सिबलमध्ये मशीन कसं असायला पाहिजे ते तुम्ही फाइलमध्ये लिहिता, ते आत शिरून तसं करून देतं. कुबस्प्रे म्हणजे क्लस्टरसाठी अशाच आयत्या लिहिलेल्या अ‍ॅन्सिबलच्या फायली.

आता माझी गोष्ट. दुकानाच्या मागच्या खोलीत मी तीन जुन्या डेस्कटॉपवर असाच क्लस्टर लावला होता, आणि त्यावर नऊ दुकानांचं बिलिंग चालवत होतो. मे महिन्यात लावला. वर्षभर एकदाही कटकट नाही. मी पण दुकानदारच, चालू गाडीला कशाला हात लावा! पुढच्या जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस आला, लाईट गेली, यूपीएस संपला आणि तिन्ही मशीन बंद पडली. सकाळी चालू केली तर एकही डबा वर येईना. साडेनऊला एका कृषी केंद्रातून फोन आला, "भाऊ, बिलच नाही निघून राह्यलं ना!"

पेरणीचे दिवस. दुकानात बियाण्यासाठी रांग. बिल म्हणजे नुसता हिशेबाचा कागद नसतो हो. उद्या बियाणं उगवलं नाही तर तक्रार करताना शेतकऱ्याच्या हातात तेच असतं. बिचाऱ्यानं जुनं पावतीपुस्तक काढलं आणि हातानं बिलं लिहायला बसला.

इकडे स्क्रीनवर मेसेज: प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही. मी घड्याळावर संशय घेतला. जुन्या डेस्कटॉपचा सेल गेला की तारीख मागे जाते, तुम्हाला माहीतच आहे. घड्याळ बरोबर होतं. क्लस्टरची मशीनं एकमेकांशी बोलताना जी प्रमाणपत्रं दाखवतात, ती डिफॉल्टनं एकाच वर्षाची असतात. माझी मे महिन्यातच संपली होती. चालू असलेले डबे चालूच राहतात, म्हणून काही कळलं नाही. लाईट जाऊन सगळं नव्यानं उठायची वेळ आली तेव्हा कोणी कोणाला ओळखेना. नव्यानं करायची कमांड एका ओळीची आहे. पण त्यानंतर मुख्य मशीनवरच्या सेवा परत चालू कराव्या लागतात आणि अ‍ॅडमिनची नवी फाइल आपल्या जागी कॉपी करावी लागते. ती मी केलीच नाही आणि जुन्याच फाइलनं पाऊण तास डोकं आपटलं. पूर्ववत व्हायला दुपारचा एक वाजला. नऊपैकी एक गिऱ्हाईक सोडून गेलं. मी त्यांना अडवलं नाही, कोणत्या तोंडानं अडवणार?

आणि गंमत अशी की कुबस्प्रेच्या सेटिंगमध्ये ही प्रमाणपत्रं आपोआप नवी करायची सोय आहे. फक्त ती मुळात बंद असते, एक शब्द बदलून चालू करावी लागते. वर्षातून एकदा क्लस्टर अपग्रेड केला असता तरी प्रमाणपत्रं त्यातच नवी झाली असती. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि एकेका आवृत्तीला चौदा महिन्यांच्या आसपासच दुरुस्त्या मिळतात. म्हणजे ही वस्तू लावून विसरायची नाहीच. बीबीएला आम्हाला मेंटेनन्स कॉस्ट शिकवली होती. मी ती झेरॉक्स मशीनला लावली, क्लस्टरला लावायचं सुचलंच नाही.

म्हणून कोणी विद्यार्थी "सर, नागपूरला क्लास लावू का?" असं विचारतो, तेव्हा मी फी विचारत नाही. एक मशीन क्लस्टरमधून काढून परत जोडून दाखवतात का? ईटीसीडीचा, म्हणजे क्लस्टरच्या स्मरणवहीचा, बॅकअप घेऊन तो परत भरून दाखवतात का? चालू क्लस्टर अपग्रेड करतात का? हे नसेल तर उरलेलं यूट्यूबवर फुकट आहे, माझ्याच चॅनलवर आहे. आणि रात्री घाईत मशीनवर हातानं केलेला बदल फाइलमध्ये लिहून ठेवायची सवय कोण लावतं, तेही बघा. नाही लिहिला तर अ‍ॅन्सिबल पुढच्या वेळी तो पुसूही शकतं, आणि बिघाड कुठून आला ते तुम्हालाच आठवणार नाही.

नोकरीसाठी कुबरनेटीस शिकाच, मागणी आहे. पण नऊ दुकानांच्या बिलिंगला क्लस्टर लागतो का? नाही लागत. माझी हौस होती. तीन मशीन एकाच यूपीएसवर ठेवली, तर तीन असून उपयोग काय? आता ते बिलिंग एकाच मशीनवर डॉकर कंपोजनं चालतं. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या जागी जातो, आणि महिन्यातून एकदा मी तो परत भरून बघतो. क्लस्टरच हवा असेल तर छोट्या कामाला के-थ्री-एस बघा. त्याची प्रमाणपत्रंही वर्षाचीच, पण मुदत जवळ आलेली असताना सेवा रीस्टार्ट झाली की ती आपोआप नवी होतात. आपल्याकडे लाईट जाते, याचा एवढा एक फायदा!

ते तीन डेस्कटॉप आता विद्यार्थ्यांसाठी आहेत. येत्या रविवारच्या व्हिडिओत त्यातल्या एकाची वायर मी मधूनच काढणार आहे. कोणतं मशीन, ते आधी सांगणार नाही. तुमचा सराव क्लस्टर चालू करून बसा.