दारातली परकी सायकल



गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या सकाळी, आमच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून एक सायकल उभी असलेली दिसली. काळी, जुनी, अ‍ॅटलास कंपनीची, आडव्या नळीची. मागच्या चाकाला कुलूप लावलेले होते आणि हँडलच्या उजव्या मुठीवर निळी वायर घट्ट गुंडाळलेली होती. आमचे घर मोंढ्याकडून गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सणासुदीला अंबाजोगाईत पाहुण्यांची वर्दळ असतेच. कोणी बहिणीकडे आले असेल, संध्याकाळी घेऊन जाईल, असे समजून मी तिकडे लक्ष दिले नाही. आठवडा झाला तरी सायकल तेथेच होती. मग आम्ही तिचे मागचे चाक उचलून तिला आत, पडवीत आणून ठेवले.

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या हाती परकी वस्तू आली की त्याला प्रथम कायदा आठवतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याची जबाबदारी विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. म्हणजे मी सायकल आत आणली त्या क्षणी तिचा राखणदार झालो. मालकाला शोधण्यासाठी आणि वस्तू जपण्यासाठी झालेला खर्च हाती पडेपर्यंत ती अडवून ठेवता येते, असे कलम १६८ सांगते. वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी केली, तर तो अपहार होतो. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४०३ होते; आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ आहे.

मी प्रयत्न केले. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. सीटखालच्या नळीवरचा क्रमांक खडूने घासून वाचला. मोटारीच्या क्रमांकावरून मालक सापडतो; सायकलीची अशी नोंदवही कोठेच नसते. एके काळी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि त्याचा पितळी बिल्ला देत. तो कर गेला आणि ती नोंदही गेली. कंपनीला विचारावे, तर अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडलेला.

मग चिठ्ठ्या लिहिल्या. 'काळ्या रंगाची सायकल सापडली आहे, खूण पटवून घेऊन जावी', एवढाच मजकूर. कंपनीचे नाव, निळी वायर, कुलूप यांचा उल्लेख मुद्दाम टाळला. खूण आपणच सांगितली तर ती पटवून घेणार कोणाकडून? बसस्थानक, शाळा, मोंढा, सायकल दुरुस्तीची दुकाने अशा सर्व ठिकाणी चिठ्ठ्या लावल्या. मार्गशीर्षात योगेश्वरीदेवीच्या महोत्सवाला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, म्हणून देवळाच्या रस्त्यावरही लावली. दोन जण आले. एका गृहस्थांची सायकल मुलींची निघाली. दुसरा शाळकरी मुलगा होता. मी किल्ली मागितली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, माझी सायकल मागच्या वर्षी हरवली. ही तीच असेल असं वाटलं." तो खोटे बोलत नव्हता, आशेने आला होता. त्याच्याकडे पाहून मात्र माझ्या मनात एक विचार शिरला.

चैत्रात महावीर जयंतीच्या कार्यक्रमाची बैठक झाली. गरजू विद्यार्थ्यांना वह्या, गणवेश आणि दोन सायकली द्याव्यात असे ठरत होते. मी म्हणालो, एक सायकल माझ्याकडून धरा. सर्वांनी अनुमोदन दिले. पाच महिने वाट पाहिली होती, प्रयत्न झाले होते, कागद पुरे होते. घरात सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "आपली नसलेली वस्तू आपल्या नावाने कशी द्यायची?" मी त्यांना कलम १६९ समजावून सांगितले. नंतर एकांतात मलाच आठवले की ते कलम विक्रीपुरते आहे, आणि तीही वस्तू नाश पावत असेल किंवा राखणीचा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला असेल तरच. दानाची परवानगी त्यात कोठेही नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मी सायकल हातगाडीवर घालून एका जुन्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेली आणि म्हणालो, "कुलूप तोडा आणि नीट करून द्या."

चाचांनी छिन्नी हातात घेतली, मुठीवरच्या वायरीवरून बोट फिरवले आणि छिन्नी खाली ठेवली. "साहेब, ही तर मोंढ्यातल्या हमालाची सायकल. ही वायर मीच गुंडाळून दिली होती. किल्ली त्याच्याकडं असंल. कुलूप कशाला तोडता?"

"मग मी चिठ्ठी आणून दिली, तेव्हा का नाही सांगितलेत?"

"चिठ्ठीत काळी सायकल एवढंच होतं. काळ्या सायकली गावात थोड्या आहेत का? सायकल आणली असती तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

मी निरुत्तर झालो. खोट्या मागणीपासून वस्तू जपण्याच्या नादात मी खऱ्या ओळखीची वाटच बंद केली होती. चाचांना मी कागद दाखवला, सायकल दाखवली नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. ज्याला वस्तू टाकून द्यायची असते, तो तिला कुलूप लावीत नाही. किल्ली कमरेला बांधून गेलेला माणूस परत येणारच असतो.

त्या रात्री आचार्य समंतभद्रांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' उघडला. अचौर्याणुव्रताचे वर्णन लहानपणापासून कानावर पडलेले होते, पण त्यातला अर्धा भाग मी कधी नीट ऐकलाच नव्हता. दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तू, त्याने दिल्यावाचून, श्रावक स्वतः घेत नाही, आणि ती दुसऱ्याला देतही नाही. न घेणे मी पाळले होते. न देणे मात्र मोडायला निघालो होतो, आणि तेही महावीर जयंतीला. परक्याच्या वस्तूचे दान केले तर पुण्य कोणाच्या खात्यावर जमा व्हावे? सकाळी मी कार्यक्रमाच्या यादीतून ती सायकल कमी करविली आणि तिच्या जागी नव्या सायकलीचे पैसे भरले. त्या शाळकरी मुलाचे नाव मीच सुचविले.

नंतर मोंढ्यात गेलो. ज्या आडत दुकानात तो पोती उतरवीत असे, ते दुकान माझ्या स्नेह्यांचेच निघाले. ते म्हणाले, "हो, तो उंचसा. पावसाळ्यात चार महिने असतो. नाव काय बरे त्याचे?" मुनीमजींनाही नाव सांगता आले नाही. मला त्यांना दोष देता येत नाही. त्याच दुकानाच्या ओट्यावर बसून मी कित्येकदा चहा घेतला आहे आणि पाठीवर क्विंटलचे पोते घेऊन समोरून जाणारा तो माणूस मीही पाहिला असणार. शेवटी एका सोबती हमालाने सांगितले, "तो ऊस तोडायला गेलाय. कारखान्याचा पट्टा पडला की येईल."

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावे लागू नये. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका 'कोयत्या'ने, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. भाऊबीजेला नाहीशा झालेल्या माणसाचा शोध मी पाच महिने घेत होतो, आणि तो कोठे असेल हे एकदाही माझ्या मनात आले नाही.

बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यावर आम्ही 'निष्क्रिय' असा शेरा मारीत असू. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम आता रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही मालकाचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही. १७ ऑगस्ट २०२३ पासून 'उद्‌गम' या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोधही घेता येतो. त्या काळी शेरा मारताना मला वाटे, लोक किती निष्काळजी. आज वाटते, त्यातले कितीतरी जण कामासाठी दूर गेलेले असतील आणि आमचे पत्र बंद दारावर पोचले असेल.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी तो आला. दारात चपला काढून उभा राहिला.

"सायेब, आमची सायकल हितं हाय म्हनं."

मी खुणा विचारायच्या आधीच त्याने करगोट्याची किल्ली सोडली. सहा महिन्यांच्या गंजाने कुलूप जरा अडले, मग उघडले. "पाडव्याच्या राती गाडी आली," तो सांगू लागला. "बायको-लेकरं, भांडीकुंडी समदं गाडीत. मी मोंढ्यातूनच बसलो. सायकल टाकाया जागा नव्हती. चुलतभावाला निरोप दिला व्हता, पर त्योबी दुसऱ्या टोळीत गेला." मग त्याने खिशात हात घातला. "किती झालं?"

"राहू द्या," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. "फुकट नको सायेब. वस्तू माझी हाय."

त्याचे म्हणणे खरे होते. स्वतःचीच वस्तू परत घेताना त्याने माझा उपकार का घ्यावा? मी वही काढली. पुढच्या चाकाची ट्यूब आणि तेल, १९० रुपये. हातगाडीचे भाडे मी माझ्या चुकीच्या खाती टाकले होते, ते त्याच्याकडून घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने १९० रुपये मोजून दिले, मी जमा करून घेतले आणि दोघेही मोकळे झालो. सौभाग्यवतींनी दिलेला चहा मात्र त्याने आनंदाने घेतला.

दोन दिवसांनी मंदिरात उसाच्या रसाचा प्याला हाती आला. भगवान ऋषभदेव आहारासाठी निघाले, तेव्हा लोकांनी हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली. त्यांना काय हवे ते कोणाला कळले नाही. ते कळले हस्तिनापुरच्या राजा श्रेयांसाला, आणि त्याने उसाचा रस दिला. ही कथा मी दरवर्षी ऐकतो. या वर्षी प्याला ओठांना लावताना प्रथमच तो ऊस तोडणारा कोयता डोळ्यांपुढे आला.

आपणा व्यापारी बंधूंना एक विनंती. दुकानात राहून गेलेली छत्री, पिशवी, डबा, जास्त आलेले पैसे यांसाठी वहीत एक पान वेगळे ठेवा. वस्तू, तारीख आणि जागा लिहा. चिठ्ठी लावाच, पण वस्तूही चार जाणत्यांना दाखवा. ज्याची असेल तो दिवाळीला गेलेला असेल तर चैत्र-वैशाखापर्यंत थांबा.

सायकलीच्या मालकाचे नाव माझ्या वहीत आहे. ते येथे छापत नाही. पाऊस पडला की तो मोंढ्यात येईलच; ज्यांची पोती तो उतरवतो, त्यांनी ते त्यालाच विचारावे.