नाताळाआधीचे चार रविवार

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की मुंबईपासून वसई-विरारपर्यंतच्या दुकानांत कापसाचा बर्फ, चकचकीत तारे आणि तांबड्या झग्यातला दाढीवाला वृद्ध यांची प्रतिष्ठापना होते, आणि नाताळ आलाच असे धरून सारा व्यवहार सुरू होतो. व्यापाऱ्यांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. हंगाम ओळखणे हा त्यांचा धर्मच आहे. परंतु ज्यांच्या उपासना-वर्षात नाताळापूर्वीचे चार रविवार 'आगमनकाळ' म्हणून निराळे राखून ठेवलेले आहेत, त्या आम्हा ख्रिस्ती लोकांनीही ही मुदत सर्रास बुडवावी, आणि शाळा, मंडळे व खुद्द चर्चच्या समित्या यांनी डिसेंबरच्या पहिल्याच पंधरवड्यात आपले नाताळ-समारंभ उरकून मोकळे व्हावे, हे मला चिंताजनक वाटते.

ह्या काळाची रचना मोठ्या विचाराने झालेली आहे. ३० नोव्हेंबरला येणाऱ्या संत आंद्रेच्या सणाला जो रविवार सर्वांत जवळचा, त्या रविवारी तो सुरू होतो, आणि नाताळ कोणत्या वारी पडतो त्यावर त्याची लांबी २२ ते २८ दिवसांची भरते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात (तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग चालतो), वेदीवरची आरास आवरती घेतली जाते, आणि रविवारच्या मिस्सेतून 'ग्लोरिया' हे महिमास्तोत्र वगळले जाते. कारण ज्या स्तोत्राचे पहिले शब्द बेथलेहेमच्या रानात देवदूतांच्या मुखातून आले, ते जन्माच्या रात्रीपर्यंत ओठांवर येऊ द्यावयाचे नाही, असा संकेत आहे. ओळीने चार रविवार एखादे आवडते गाणे न गाणे ही तशी किरकोळ गोष्ट, पण ज्याने ते केले आहे त्यालाच मध्यरात्रीच्या मिस्सेत ते गाणे परत येते तेव्हा काय होते हे ठाऊक असते.

लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा सरकारी फर्मानाने सुरू होते. कैसर औगुस्ताने खानेसुमारीचा हुकूम काढला, जो तो आपापल्या मूळ गावी नाव नोंदवावयास निघाला, आणि योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला आला. पुढे त्यांना उतारशाळेत जागा नव्हती, इतकेच लूक सांगतो. आमच्या शाळांतल्या नाटकांत दार अर्धवट उघडून त्या दांपत्यावर खेकसणारा जो मालक असतो, तो मूळ कथेत कोठेच नाही. तो आपण आपल्या सोयीसाठी उभा केला, कारण एक निर्दय मनुष्य सापडला की बाकी सगळ्यांची सुटका होते. त्या रात्री बेथलेहेमात कोणी दुष्टपणा केल्याचा दाखला नाही. गावात गर्दी होती, जो तो आपल्या कामात होता, दप्तरात नावे चढत होती, आणि हाकेच्या अंतरावर कोण निजले आहे याची दखल घेण्यास कोणाला सवड नव्हती. वर्दी पोहोचली ती मेंढपाळांना. त्यांची निवड त्यांच्या दारिद्र्यामुळे झाली, असे आपण दरवर्षी प्रवचनांतून ऐकतो, आणि ते खोटे नाही. तथापि रात्रभर जागून राखण करणे, आणि तीही अशा जागी की जेथे बहुतेक रात्री काहीच घडत नाही, हा ज्यांचा धंदा, त्यांचे डोळे आणि कान त्या वेळी मोकळे होते, ह्या साध्या गोष्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मंदिरात धूप जाळावयास गेलेला वृद्ध याजक जखऱ्या, ह्या वयात आपणास पुत्र होईल या निरोपावर शंका घेतो आणि मूल जन्मून त्याचे नाव ठेवले जाईपर्यंत मुका होतो. याजकाची वाचा जाणे ही शिक्षा खरीच. परंतु त्या निःशब्द महिन्यांत त्याची पत्नी अलीशिबा हिच्या ठायी जे हळूहळू वाढत होते ते त्याने, बोलता येत नसल्यामुळेच, निरखून पाहिले असेल, असा तर्क करण्यास हरकत नाही. (व्यासपीठावरून दर रविवारी पाऊण तास बोलणाऱ्यांना ही कथा फारशी प्रिय नसते.)

मराठीत ही प्रतीक्षा विस्ताराने लिहिली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला, साष्टीच्या गावांतून आयुष्यभर वावरला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' राशोल येथे छापून निघाले ते १६१६ साली, म्हणजे येथे पाऊल ठेवल्यानंतर ३७ वर्षांनी. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाची दोन पुराणे आहेत, आणि पहिले पुराण संपेपर्यंत ख्रिस्त जन्मालाच येत नाही. सृष्टीची उत्पत्ती, आदिपुरुषाचे पतन, इस्राएलाचा इतिहास आणि संदेष्ट्यांची भाकिते यांतच त्याचे ३६ अध्याय खर्ची पडतात. आजच्या एखाद्या संपादकाने ती सर्व सामग्री चार पानांत आणून लेखकाला परत पाठवली असती. पण पुराण ऐकावयास बसलेला आपला श्रोता कथा लांबली म्हणून उठून जात नाही, हे त्या परक्या मुलखातून आलेल्या माणसाने बरोबर ओळखले होते.

याच्या अगदी उलट, ज्याच्यावर थांबणे लादले गेले असा आगमनकाळ आल्फ्रेड डेल्प ह्या जर्मन जेझुइटाच्या वाट्याला आला. हिटलरच्या राजवटीने त्याला जुलै १९४४ मध्ये अटक केली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातांत बेड्या असताना, त्याने आगमनकाळावरची चिंतने चिटोऱ्यांवर लिहिली आणि ती लपवून बाहेर धाडण्यात आली. ८ डिसेंबरला त्याने आपल्या संघाची अखेरची व्रते त्याच तुरुंगात घेतली, आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी तो फाशी गेला. मनुष्य मुळापासून हादरल्याखेरीज त्याला आगमनकाळ कळत नाही, असा त्याच्या लेखनाचा रोख आहे. माझ्या मते हे विधान सर्वांना सरसकट लागू करता येणार नाही, कारण हादरलेली माणसे पुष्कळदा अधिकच धावत सुटतात; पण ज्याला कोठेही जावयाचे उरले नव्हते अशा मनुष्याने ते केले आहे, म्हणून ते सहजी बाजूला सारवत नाही.

गोव्यात नाताळाच्या गोठ्याची हिरवळ म्हणून नाचणी पेरण्याची चाल आहे. डिसेंबरात, वेळेचा अंदाज घेऊन, पसरट भांड्यात माती घालून दाणे विखुरतात आणि हाताने पाणी शिंपडत राहतात. पाणी कमी पडले तर कोंब माना टाकतात, जास्त झाले तर मुळाशी बुरशी धरते, आणि मुहूर्त चुकला तर २४ तारखेला गोठा बोडका राहून बाजारातले प्लॅस्टिकचे गवत आणावे लागते. गोठा सजला तरी गव्हाण मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. ज्या घरी हे पाणी शिंपडण्याचे काम एखाद्या मुलाकडे सोपवले जाते, त्या घरी आगमनकाळावर निराळे प्रवचन देण्याची गरज पडत नसावी, कारण सकाळी उठल्याबरोबर काल नव्हते ते आज किती वर आले हे पाहावयास ते मूल आपणहून धावते.

पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जाणाऱ्या, आणि रात्री परतून नेवऱ्यांचे सारण भाजून कुलकुल वळावयास बसणाऱ्या बाईला 'जरा सावकाश घ्या' असे सांगणे हा उद्धटपणा होईल, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पण कष्ट आणि लगबग ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काट्यावर एकेक कुलकुल वळताना घरातली चार माणसे बोलतात, कोणी जपमाळेचे रहस्य म्हणते, हात चालू असतात आणि मन जाग्यावर असते. त्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो तो १० तारखेच्या स्नेहसंमेलनाने, १४ तारखेच्या गीतस्पर्धेने आणि १८ तारखेच्या कचेरीतल्या केक-समारंभाने. देवाचे सान्निध्य त्या लोकलमध्येही नसते असे नाही. ते जाणवावे एवढी फट आपण दिवसात कोठे शिल्लक ठेवतो का, इतकाच माझा मुद्दा आहे.

म्हणून धर्मग्रामांच्या मंडळांपुढे एक माफक सूचना ठेवतो. नाताळकाळ २५ डिसेंबरला संपत नाही, तेथून तो सुरू होतो, आणि ६ जानेवारीच्या प्रभुप्रकटीकरणाच्या सणापलीकडे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गीतस्पर्धा, संमेलने आणि मेजवान्या ह्या अवधीत घ्याव्यात, आणि आगमनकाळाचे चार रविवार मोकळे सोडावेत. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. आगमनकाळात लग्ने लावावयाची नाहीत ही चाल आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, आणि आजही कित्येक घरांत तारीख नाताळानंतरचीच धरतात. वधूवर आणि त्यांचे आईबाप जर थांबू शकतात, तर समितीच्या चिटणिसांनाही थांबता येईल. प्रमुख पाहुणे डिसेंबरात मिळतात, जानेवारीत मिळत नाहीत, अशी एक अडचण नेहमी पुढे केली जाते. एखाद्या वर्षी पाहुण्यांवाचून समारंभ करून पाहावा.