हायवेवरच्या जुन्या पाट्या

नागपुरात वडीलधाऱ्यांना अमरावतीचा रस्ता विचारा, ते अजूनही ‘सहा नंबर’ म्हणतील. वर जबलपूरकडे आणि खाली हैदराबादकडे जाणारा तो ‘सात नंबर’. सरकारने २०१० साली हायवेंचे आकडे बदलले, सहाचा ५३ आणि सातचा ४४ झाला, पण जुने आकडे काही जिभेवरून गेले नाहीत. हे दोन्ही रस्ते नागपुरात एकमेकांना छेदतात. शहरात झिरो माईलचा खांब उभा आहे, तिथल्या दगडावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल असे कोरलेले आहे. प्रवाशाला वाट सांगणारी तीही एक पाटीच. सुट्टीत गाडी काढून सफरीला निघणाऱ्या घरांना या महिन्यात आमचे सांगणे एवढेच की, रस्त्याकाठच्या जुन्या पाट्या बघत चला. त्या झपाट्याने उतरत आहेत.

सुरुवात दिव्यांच्या पाट्यांपासून करू. रात्री उजळणाऱ्या कुठल्याही पाटीला आपण ‘निऑन’ म्हणून मोकळे होतो. खरे निऑन म्हणजे काचेच्या नळीत कोंडलेला वायू. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्झे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी तो शोधला. त्याचे नाव ग्रीक भाषेतले, अर्थ ‘नवा’. पुढे १९१० मध्ये जॉर्ज क्लोद या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या. शुद्ध निऑनचा रंग निखाऱ्यासारखा, नारिंगी-लाल. निळा उजेड दिसला तर आत बहुधा आर्गॉन वायू आणि चिमूटभर पारा असतो. हिरवा, पिवळा, गुलाबी हे रंग काचेचे किंवा तिच्या आतल्या लेपाचे. पाठीमागे ट्यूबलाइट लावलेली अ‍ॅक्रिलिकची पेटी म्हणजे ग्लो साइन, आणि आजकाल कॅफेत दिसते ती वाकणारी पट्टी एलईडीची. तिला दुकानदार निऑन म्हणतो, आपण कशाला वाद घाला!

या नळीचे काम आजही हातानेच होते. कारागीर काच ज्योतीवर मऊ करतो, एका टोकाला रबरी नळी लावून तोंडाने हलकी फुंकर देत राहतो, नाहीतर वळणावर काच आत चिपकते. खाली कागदावर अक्षराचा नकाशा असतो, तोही उलटा काढलेला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला अक्षर सपाट आणि सुलट दिसते. सगळा शब्द शक्यतो सलग नळीतच वळवायचा, आणि जिथे उजेड नको तिथे काळा रंग फासायचा. हे कळल्यापासून आम्ही अक्षरांकडे वेगळ्या नजरेने बघतो. मराठीची शिरोरेघ नळीला सोपी, सरळ ओढत न्यावी. वेलांटी आणि जोडाक्षर आले की घाम फुटत असेल. उर्दू नस्तालीकची वळणे तर नळीसाठीच बनल्यासारखी आहेत, पण नुक्ते सुटे पडतात. ‘चाय’ लिहायचे तर चे अक्षराचेच तीन नुक्ते, त्यांना मागून काळ्या नळीने जोडायचे. बरे, नकाशा उलटा, म्हणजे बिचाऱ्याला उर्दू डावीकडून उजवीकडे लिहावी लागणार.

अशी नळी नीट केली तर वर्षानुवर्षे जळते. बिघडतो तो बहुधा ट्रान्सफॉर्मर, किंवा कुठे तडा जाऊन वायू निघून जातो. मग दुरुस्त करणारा हात मिळत नाही आणि पाटी भंगारात जाते. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात २०१२ पासून अशा पाट्यांचे संग्रहालय आहे. अमेरिकेत लास वेगासमध्येही आहे, तिथे बऱ्याचशा पाट्या जुगारखान्यांच्या. धंदा हराम खरा, पण ज्याने ती काच वाकवली त्याच्या हाताची कदर करायला काय हरकत आहे?

आमच्या पाहण्यात विदर्भातल्या हायवेवर खरे निऑन थोडेच. इथली खरी दौलत पत्र्यावर रंगवलेल्या पाट्यांची आहे. सहा नंबरने निघालात की बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला अशी गावे लागतात. ढाब्याची पाटी, पंक्चरवाल्याची, भिंतीवरची खताची जाहिरात, कोपऱ्यात ७८६ लिहिलेली ‘मुस्लिम खानावळ’. अक्षराला मागून सावली दिलेली, लालाला पिवळी कड, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचे नाव. या कामात आपल्या समाजातले कितीतरी हात होते. काही जण दिवसा मराठी पाटी रंगवत आणि रात्री मशिदीच्या जलशाचा उर्दू बॅनर लिहीत. फ्लेक्स आला आणि दोन दिवसांचे काम अर्ध्या तासात छापून मिळू लागले. दुकानदाराला आम्ही दोष देत नाही, त्यालाही घर चालवायचे आहे. पण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फिका पडतो, आणि कोणत्याही गावाचा फ्लेक्स कोणत्याही गावात चालतो.

एक दिव्याची खूण मात्र अजून टिकून आहे. मगरिबनंतर गाडी चालली असेल तर दूर एखाद्या गावावर हिरवी ट्यूबलाइट दिसते. मीनार आहे, म्हणजे वजूला पाणी आहे, कसर पढून थोडे पाय मोकळे करता येतील. कुठल्याही नकाशावर नसलेली ही पाटी मुसाफिराला वाचता येते.

पाटीवर कोणती भाषा असावी यावरून आपल्याच भागात मोठा खटला झाला. अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर वर मराठी आणि खाली उर्दू नाव आहे. त्या उर्दूला हरकत घेतली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले, तिथे उर्दूच्या बाजूने निकाल लागला, आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी तो कायम केला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीतली आहे, असे निकालात स्पष्ट म्हटले आहे. एका पत्र्यावरच्या एका ओळीसाठी इतकी वर्षे! मराठीत बोलणाऱ्या आणि उर्दूत दुआ लिहिणाऱ्या आपल्यासारख्या घरांना त्या ओळीचे मोल वेगळे सांगायला नको. पातूर अकोल्याहून वाशीमच्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटर. गेलात तर मुलांना ती पाटी वर-खाली दोन्ही ओळी वाचायला लावा.

मुंबईकडे जाणाऱ्यांना आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, जून २०२५ पासून पूर्ण खुला. वेळ वाचतो, आम्हीही घाईत तोच धरतो. पण त्यावर गावे लागत नाहीत, आणि गावे नाहीत तर पाट्याही नाहीत. सरकारी फलक तेवढे. म्हणून जाताना समृद्धी आणि येताना जुना सहा नंबर, असा बेत करून बघा. मुलांच्या हातात वही द्या आणि पाटीच्या कोपऱ्यातली पेंटरांची नावे उतरवून घ्यायला सांगा. गाडी थांबवून दुकानदाराला विचारले तर तो चहा पाजून सगळा इतिहास सांगतो. आणि तुमच्याच दुकानावर अब्बांच्या वेळची पाटी असेल तर नवी खुशाल लावा, जुनी तेवढी भंगारवाल्याला देऊ नका. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर तिला जागा होते.