'ध'चा 'मा' आणि रेल्वेची केबिन



'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. नसेल तर आजीला विचारा, ती रंगवून सांगेल. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असं एका कागदावर लिहिलं होतं. आनंदीबाईंनी त्यातला 'ध' बदलून 'मा' केला. 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, अशी ती गोष्ट. ती खरी की रचलेली, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण म्हण मात्र कायमची राहिली. कोपरगावच्या मुलांना तर ती अगदी घरचीच वाटते, कारण १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगावीच येऊन राहिले आणि १७८३ साली इथंच गोदाकाठी वारले.

आता तुम्ही म्हणाल, काका, आज तर तुम्ही रेल्वेबद्दल सांगणार होतात. हे पेशवे मध्येच कुठून आले? थांबा, सांगतो. घाई करू नका. रेल्वेत घाई करणं बरं नसतं, हेच तर आज बघायचं आहे.

कोपरगावचं स्टेशन दौंड–मनमाड मार्गावर आहे. हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. शिर्डीला स्वतःचं स्टेशन मिळालं ते २००९ साली. त्याआधी साईबाबांच्या दर्शनाला रेल्वेनं येणारी कितीतरी मंडळी कोपरगावलाच उतरायची. या मार्गाचं दुहेरीकरण गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं झालं. त्याआधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ इथं एकेरी मार्ग होता. म्हणजे जाणारी गाडी आणि येणारी गाडी, दोघींना मिळून रूळ एकच!

तुमच्या आईबाबांना विचारा. गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात उगीचच उभी राहायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी हलायचं नाव नाही. लहान मुलं रडकुंडीला यायची. मग डब्यातला कुणीतरी जाणता माणूस म्हणायचा, "क्रॉसिंग आहे." थोड्या वेळानं समोरून दुसरी गाडी यायची, शेजारच्या रुळावरून धडधडत निघून जायची आणि मग कुठं आपली गाडी हलायची.

पण समोरून गाडी येते आहे, हे आपल्या ड्रायव्हरला कळायचं कसं? नुसतं सांगून भागणार नाही. ऐकण्यात चूक होऊ शकते, विसर पडू शकतो. म्हणून रेल्वेनं एक साधी पण फार हुशार युक्ती काढली. दोन स्टेशनांमधला रूळ वापरायचा, तर ड्रायव्हरच्या हातात एक वस्तू हवी. तिचं नाव टोकन. आपल्याकडे पुष्कळ मार्गांवर हे टोकन म्हणजे चेंडूसारखा लोखंडी गोळा असे. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र आणि ती दोन्ही विजेच्या तारेनं जोडलेली. एका यंत्रातून गोळा बाहेर निघाला की तो पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कुठूनच निघायचा नाही. गोळा एक, म्हणून त्या रुळावर गाडीही एक. आहे की नाही सोपं?

हा झाला दोन स्टेशनांमधला रस्ता. आता स्टेशनच्या आतलं बघू. तिथं रूळ फुटतात, दोनाचे चार होतात. ज्या जागी रूळ फुटतो तिला सांधा म्हणतात. सांधा बदलायचा, सिग्नल पाडायचा, हे सगळं एका उंच खोलीतून चालायचं. ती केबिन. आजोबा सांगतात ना, "सिग्नल पडला, चला पिशव्या उचला." तो सिग्नल पाडणारा माणूस या केबिनमध्ये उभा असायचा.

अशा केबिनी आता झपाट्यानं कमी होताहेत. बटणं आणि संगणक आले, तसं त्यांचं काम संपलं. पण काही ठिकाणी लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथली स्टेशनाजवळची केबिन १८९२ च्या सुमाराची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचं काम थांबलं आणि ती पडून राहिली. पावसानं लाकूड कुजायला लागलं. पण २००३ साली गावातल्या हौशी लोकांनी मंडळ स्थापन केलं आणि ती हळूहळू पुन्हा उभी केली. गंमत म्हणजे शेजारच्या रुळांवरून आजही खऱ्या गाड्या धावतात!

चला, मनानंच त्या केबिनमध्ये जाऊ या. तिकीट नको आणि पासपोर्टही नको.

बाहेरचा लाकडी जिना चढून वर या. तीन बाजूंना काचाच काचा, म्हणजे दोन्हीकडची गाडी लांबून दिसावी. आणि समोर एका रांगेत ४४ लोखंडी दांडे, जवळजवळ तुमच्या उंचीचे. यांना लिव्हर म्हणतात. काही लाल, काही काळे, काही निळे, काही पांढरे. लाल दांडा सिग्नलचा. काळा सांध्याचा. निळा सांध्याला कुलूप लावण्याचा. पांढऱ्याला काहीच काम नाही, तो नुसता रांगेत उभा. (वर्गातही असा एखादा असतो, नाही का?)

दांडा ओढायचा आहे? थांबा, आधी ते फडकं हातात घ्या. उघड्या हातानं धरायचं नाही. हाताच्या घामानं चकचकीत मूठ गंजते, म्हणून केबिनमन नेहमी फडक्यानंच दांडा धरायचा. आता खटका दाबा, एक पाय पुढं टेकवा आणि अंग मागं टाकून ओढा. जड लागतोय ना? लागणारच. कारण असे दांडे तारांनी लांबलांबचे सिग्नल हलवायचे.

वरच्या फळीवर पितळी घंटा दिसतात. शेजारच्या केबिनशी बोलायचं ते या घंटांनी. चार ठोके म्हणजे "एक्स्प्रेस येतेय, घेता का?" दोन ठोके म्हणजे "गाडी तुमच्याकडे निघाली." आणि लागोपाठ सहा ठोके पडले की हातातलं सगळं टाकून सिग्नल धोक्यावर करायचे. सहा म्हणजे संकट!

आता खरी जादू. ती दिसत नाही, कारण ती जमिनीखाली आहे. समजा, केबिनमनला झोप आली किंवा त्याचं लक्ष उडालं. सांधा एकीकडे आणि सिग्नल भलतीकडचा, असं त्यानं करायचं ठरवलं, तर? दांडा हलणारच नाही! दांड्यांच्या खाली लोखंडी पट्ट्या असतात आणि त्यांना खाचा असतात. सांधा बरोबर बसला, तरच खाच समोर येते आणि सिग्नलचा दांडा सुटतो. एकदा सिग्नल दिला की सांधा जागच्या जागी अडकतो. याला इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी नावाच्या गृहस्थांनी १८५६ साली याचं पेटंट घेतलं. आणखी एक सोय पाहा. सिग्नलची तार तुटली, तर त्याचा हात वजनानं आपोआप धोक्याच्या जागी जातो. यंत्र बिघडलं तरी ते "थांबा" असंच सांगतं, "या" असं सांगत नाही.

मग अपघात कशाला होतील, असं वाटलं ना तुम्हांला? लोकांनाही तसंच वाटलं होतं. आता वेल्समधल्या ॲबरम्यूल या लहानशा स्टेशनची गोष्ट ऐका.

२६ जानेवारी १९२१. एकेरी मार्ग. तिथलं टोकन गोळा नव्हे, तर धातूची गोल चकती असे. तिच्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. एक सावकाश चालणारी गाडी ॲबरम्यूलला आली. समोरून एक्स्प्रेस यायची होती. गाडीच्या ड्रायव्हरनं मागच्या रुळाची चकती एका पोऱ्याच्या हातात दिली. ती यंत्रात टाकायची होती. पण पोऱ्याला तिकिटंही गोळा करायची होती. त्यानं चकती मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांना वाटलं, ही पुढच्या रुळाची नवी चकती. त्यांनी ती ड्रायव्हरला नेऊन दिली. म्हणजे ड्रायव्हरनं दिलेली चकतीच त्याच्या हातात परत आली!

चकतीवर नाव स्पष्ट कोरलेलं होतं. पोऱ्यानं वाचलं नाही, मास्तरांनी वाचलं नाही, ड्रायव्हरनंही वाचलं नाही. गाडी निघाली आणि थोड्याच अंतरावर समोरून एक्स्प्रेस आली. १७ माणसं गेली.

'ध'चा 'मा' करायला निदान कुणीतरी अक्षर बदलावं लागलं होतं. इथं तर कुणी काहीच बदललं नव्हतं. सगळी माणसं भली होती, रोज तेच काम करणारी होती. रोज बरोबर असतं, तसं आजही असेल, असं प्रत्येकानं धरून चाललं, एवढंच. आणि यंत्रही बिघडलं नव्हतं. ते केबिनमध्ये नसून स्टेशनच्या खोलीत होतं आणि त्याला कुणीही हात लावू शकत असे. एकाचं काम चौघांचं झालं की ते कुणाचंच राहत नाही.

आता तर सगळं विजेवर चालतं, मग ही भीती गेली का? नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ जो भीषण अपघात झाला, त्यात २९० हून अधिक माणसं गेली. त्याचं मूळही सिग्नलच्या तारांची जोडणी करताना झालेल्या चुकीत निघालं. यंत्र कितीही शहाणं असलं, तरी ते जोडणारा आणि तपासणारा हात माणसाचाच असतो. म्हणून ती जुनी केबिन बघायची. संगणकाच्या पेटीत काय चाललंय ते दिसत नाही. इथं दांडा ओढला आणि तो अडला, की का अडला ते हाताला कळतं.

आता एक प्रयोग. काडेपेटीच्या तीन रिकाम्या बाहेरच्या खोक्या घ्या. दोन खोक्या एका ओळीत, मध्ये चार बोटं जागा सोडून पुठ्ठ्यावर चिकटवा. त्यांतून कार्डाची एक लांब पट्टी आरपार घाला आणि तिच्या कडेला एक खाच कापा. हा तुमचा सांधा. तिसरी खोकी आडवी, मधल्या जागेसमोर चिकटवा. तिच्यातून टोकदार पट्टी घाला. हा सिग्नल. सांध्याची पट्टी सरकवा. खाच समोर आली तरच सिग्नलचं टोक आत जाईल. आणि टोक आत असताना सांधा हलवून बघा बरं! हलणार नाही. झालं तुमचं इंटरलॉकिंग.

जवळच्या ठिकाणी काही बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लहान रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ पासून सुरू आहे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळ मात्र विचारून घ्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केबिन दिसली, सिग्नल दिसला, म्हणून रुळांत उतरायचं नाही. फलाटावरून बघायचं, तेही मोठ्या माणसासोबत.

एक काम तुमच्यासाठी. तुमच्या ओळखीत कुणी आजोबा रेल्वेत केबिनमन, सांधेवाले किंवा गेटमन होते का, ते शोधा. त्यांना विचारा की रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ते काय करायचे? त्यांची उत्तरं वहीत लिहून ठेवा. केबिन पडली तर विटा पुन्हा रचता येतात, पण आजोबांची आठवण गेली तर परत रचता येत नाही.

आणि उद्या आई म्हणाली, "ही चिठ्ठी बाईंना दे," तर देण्याआधी वरचं नाव एकदा वाचा. बरं का!

तुमचा,
काका