मतांचे वजन: मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समितीस खुले पत्र

गोकुळ रोड, हुबळी

मध्यवर्ती महाराष्ट्र एकीकरण समितीचे अध्यक्ष व कार्यकारिणीचे सभासद, बेळगाव, यांस


कर्नाटकातील ज्या सीमाभागावर महाराष्ट्राने आपला हक्क सांगितला आहे आणि जेथे आपली समिती निवडणुका लढवते, त्यात हुबळी-धारवाड येत नाही, आणि म्हणून गोकुळ रोडवर राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला आपल्या उमेदवारास मत देण्याचा प्रसंग कधी आला नाही, पुढे येण्याचाही संभव नाही. घरात मराठी बोलावे, बाजारात कन्नड बोलावे आणि मतदानाच्या दिवशी काँग्रेस व भाजप या दोहोंपैकी एकाची निवड करून परतावे, हा आमचा शिरस्ता. आपल्याला सल्ला देण्याचा अधिकार मला त्यामुळे फारसा नाही. परंतु दुरून पाहणाऱ्यास डाव कधीकधी अधिक स्पष्ट दिसतो, एवढ्याच भरवशावर हे पत्र लिहीत आहे.

दोन बलाढ्य पक्षांच्या कैचीत सापडलेल्या लहान पक्षाचे बळ त्याच्या जागांत नसून त्याची मते कोठे झुकतील या अनिश्चिततेत असते, हे माझे म्हणणे आहे. मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने 1951 साली असे मांडले की, ज्या पद्धतीत एकाच फेरीत सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, तिचा कल द्विपक्षीयतेकडे असतो, कारण आपले मत वाया जाईल या भीतीने मतदार तिसऱ्याला सोडून जातो. ही भीती आपल्या मतदारालाही सुटलेली नाही: 2013 साली बेळगाव दक्षिण व खानापूर या दोन जागा आपण जिंकल्या, पण 2018 व 2023 या दोन्ही विधानसभा निवडणुकांत आपला एकही उमेदवार निवडून आला नाही. पैकी 2018 चे खापर केवळ पद्धतीवर फोडता येत नाही. समितीच्याच दोन गटांनी परस्परांविरुद्ध उमेदवार उभे करावेत आणि मग मराठी मतदाराने एकजूट दाखवावी अशी अपेक्षा करावी, हे न्यायाला धरून नव्हते, एवढे बोलल्यावाचून राहवत नाही.

तरीही मते संपलेली नाहीत. एप्रिल 2021 मध्ये बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीत आपल्या पाठिंब्याने उभे राहिलेल्या शुभम शेळके यांना एक लाखाहून अधिक मते पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांच्यापेक्षा अवघ्या 5,240 मतांनी पुढे राहिल्या. विजयाच्या फरकाच्या वीसपटीहून अधिक मते एका लहान संघटनेच्या हाती असावीत, आणि निकालानंतर त्या मतांच्या मोबदल्यात एक मराठी परिपत्रकसुद्धा पदरी पडू नये, याचा अर्थ आपण कधी शांतपणे लावून पाहिला आहे काय?

त्याच दिवशी, 17 एप्रिलला, बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथेही पोटनिवडणुकीचे मतदान झाले. तेथे मराठा मतदारांची संख्या मोठी. समितीचे बळ मात्र बेळगावसारखे नाही. त्या मतांवर डोळा ठेवूनच, असे विरोधकांचे म्हणणे, येडियुरप्पा सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये मराठा विकास महामंडळाची व त्यासाठी पन्नास कोटी रुपयांची घोषणा केली, आणि कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला राज्यव्यापी बंद पुकारला तरी ती मागे घेतली नाही. ते महामंडळ जातीच्या नावाने निघाले, भाषेच्या नाही, आणि घोषणेत कल्याणापेक्षा हिशेब अधिक होता, हे मलाही ठाऊक आहे. पण बसवकल्याणची मते कोणत्याही बाजूला जाऊ शकत होती म्हणून त्यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले. बेळगावची कोणत्याच बाजूला जाणार नव्हती, म्हणून एका पक्षाने ती वजा धरली आणि दुसऱ्याने त्या वजाबाकीचा फायदा घेतला.

आपण म्हणाल, सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या रक्ताचा प्रश्न सौद्याला लावायचा काय? ही शंका रास्त आहे, आणि सौदा कसा नसावा याचे उदाहरण आमच्याच राज्यात आहे. जनता दलाने (सेक्युलर) 2018 साली 37 जागांच्या जोरावर मुख्यमंत्रिपद मिळवले. चौदा महिन्यांनी सरकार कोसळले, 2023 मध्ये जागा 19 वर आल्या आणि त्याच वर्षी हा पक्ष भाजपच्या आघाडीत जाऊन बसला. खुर्ची मागितली, खुर्ची मिळाली, आणि खुर्ची गेल्यावर दाखवण्याजोगे फारसे हाती उरले नाही.

याउलट संयुक्त महाराष्ट्र समितीचे स्मरण आपल्याला मी काय करून द्यावे! 1957 च्या निवडणुकीत तिने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडवला, तरी विदर्भ, मराठवाडा व गुजरात यांच्या जोरावर द्विभाषिक राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली. समितीचे मंत्रिमंडळ कधी आले नाही. तथापि प्रतिपक्षालाच तिची मराठी भाषिक राज्याची मागणी आपली म्हणून मान्य करावी लागली, आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते काँग्रेसच्या हातून. सत्तेवाचून सत्तेला वाकवण्याची ही कला मराठी राजकारणाने एकदा साधलेली आहे.

सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे. तो तेथे राहू द्या, त्याचा एक शब्दही मागे घेण्याचे कारण नाही. परंतु कर्नाटकाची विधानसभा तो दावा मंजूर करू शकत नाही, आणि जे ती देऊ शकते ते मात्र आपल्या जाहीरनाम्यांत नेहमी दुय्यम राहते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यघटनेचे कलम 350 अ सांगते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून अधिक असतील तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हा संकेत जुना व सर्व राज्यांनी मानलेला आहे. तहसील कचेरीतील नमुने, जमिनीचे उतारे, मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा: खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या नित्य जीवनाशी यांचा संबंध आहे आणि यासाठी दिल्लीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

माझी विनंती एवढीच की, पुढील निवडणुकीपूर्वी या मागण्या लेखी काढाव्यात, दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना बेळगावात जाहीर सभेत त्यांवर सही करण्यास बोलवावे, जेथे जिंकण्याची खरी आशा आहे तेथे आपला एकच उमेदवार द्यावा, आणि उरलेल्या मतदारसंघांत सही करणाऱ्याच्या पारड्यात मते टाकण्याचे आवाहन उघडपणे करावे. सही करून वचन मोडणाऱ्याला पाच वर्षांनी त्याच व्यासपीठावरून जाब विचारता येईल. आज तर जाब विचारावा असे वचनच कोणी दिलेले नाही.

आपला नम्र,
हुबळीचा एक मराठी मतदार