कॅमेऱ्याला टोपी हवी का?

ईदची नमाज आणि खुत्बा झाला, की गळाभेटी होतात आणि लगेच फोटोंची घाई सुरू होते. दादाजान, मुले, नातवंडे सगळे एका चौकटीत सापडण्याची वर्षातली ही एक-दोनच वेळ. पुढच्या ईदला त्यातले कोण असेल, हे अल्लाहलाच ठाऊक. म्हणूनच घरी येऊन पाहावे तर चेहरे धुरकट, काळी शेरवानी राखाडी आणि मध्येच प्रकाशाचे गोल ठिपके दिसले, की जीव हळहळतो. मग कोणीतरी सांगते, ‘लेन्सला हूड घ्या.’ हल्ली घराघरांतली तरुण मुले कपाटातले जुने छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा बाहेर काढत आहेत. तेव्हा या हूडचा आणि तो बसवायला लागणाऱ्या अ‍ॅडॉप्टरचा हिशेब या वेळी मांडू या.

आधी दोष कुठला ते पाहू. नागपुरात किब्ला पश्चिमेला. सफांमध्ये बसलेल्यांची तोंडे पश्चिमेकडे आणि सकाळचा कोवळा सूर्य त्यांच्या पाठीमागे. त्यांचे चेहरे टिपायला समोर उभा राहिलेला माणूस आपोआप पूर्वेकडे, म्हणजे सूर्याकडे कॅमेरा धरतो. सूर्य चौकटीत नसला तरी त्याचा उजेड तिरपा येऊन भिंगाच्या काचेवर पडतो. छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्येही अनेक काचा असतात. हा उपरा उजेड त्यांच्यात इकडून तिकडे उसळतो आणि साऱ्या चित्रावर पांढुरकी झाक पसरवतो.

उजेड सरळ रेषेत चालतो, हे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात दिवे आणि छिद्राच्या प्रयोगांनी दाखवले होते. हूड याच नियमावर चालते. चौकटीबाहेरून येणाऱ्या उजेडाच्या वाटेत ते आडवे येते. आपण डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहतो, तेच काम.

पण हूड एवढेच करते. सूर्य चौकटीतच असेल, तर त्याचा उपयोग नाही. पाठीमागून उजेड आल्याने चेहरा काळा पडला असेल, तर उजेडाची मात्रा वाढवावी लागते किंवा फ्लॅश लावावा लागतो. मेच्या अखेरीस दुपारी नागपुरात सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांखाली पडणारी काळी सावली कोणतेही हूड पुसत नाही. तिथे माणसांनाच सावलीत न्यावे. दोष धुरकटपणाचा असेल, तरच हूडचा विचार करावा.

आता खरी अडचण. मोठ्या कॅमेऱ्यांच्या लेन्सच्या तोंडाशी आटे असतात, हूड सहज बसते. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर सरकते आणि बहुतेकांच्या तोंडाशी आटेच नसतात. म्हणून अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याचे प्रकार आहेत. कॅननच्या जी१०, जी११, जी१२ या कॅमेऱ्यांत लेन्सभोवतीची कडी बटण दाबून निघते आणि तिथे एक नळी अडकते. लेन्स या नळीच्या आत सरकते आणि नळीच्या तोंडाला ५८ मिलिमीटरचे आटे असतात. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत पुढची कडी उलगडून ४९ मिलिमीटरची अ‍ॅडॉप्टर कडी लावतात. सोनीच्या आरएक्स१०० साठी तर चिकटवायची कडी मिळते. ती सरकणाऱ्या लेन्सवरच बसते, म्हणून तिच्यावर जड हूड लावू नये. सगळा भार आतल्या नाजूक यंत्रणेवर येतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे घ्यायचा असतो, लेन्सच्या अंदाजी मापावरून नव्हे. ५८ मिलिमीटर हे माप हूडच्या बाजूचे असते. कॅमेऱ्याच्या बाजूची खाच प्रत्येक कंपनीची निराळी. म्हणून महालातून सीताबर्डीच्या बाजारात जाताना कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड सोबत न्यावे.

दुकानात तीन फोटो काढून पाहावेत. पहिला, झूम अगदी मागे घेऊन पांढऱ्या भिंतीचा. कोपरे काळे आले, तर नळी आणि हूड मिळून चौकटीत शिरत आहेत. दुसरा, झूम पूर्ण पुढे करून; लेन्स नळीच्या तोंडाला किंवा काचेला टेकता कामा नये. तिसरा, फ्लॅश लावून जवळच्या वस्तूचा. नळीमुळे फ्लॅशचा उजेड अडला, तर चित्राच्या खालच्या भागात अर्धगोल सावली पडते. वलीम्याच्या रात्री हॉलमध्ये असे फोटो आले, तर दोष कॅमेऱ्याचा समजू नये. अशा वेळी हूड आणि नळी काढून ठेवावी.

पाकळ्यांचे हूड दिसायला छान. त्याच्या लांब पाकळ्या वर-खाली आणि आखूड पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला यायला हव्यात. आट्यांवर फिरवून बसवलेले हूड भलत्याच कोनात थांबले, तर कोपरे कापले जातात. शंका असेल, तर साधे गोल आणि आखूड हूड बरे.

आणि वाचकहो, पैसे काढण्याआधी फुकटचे उपाय करून पाहा. पहिला, लेन्स स्वच्छ मऊ कापडाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा असला तरी अशीच धुरकट झाक येते आणि तिला हूडचा इलाज नाही. दुसरा, सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूने लेन्सवर तळहाताची किंवा जाड काळ्या कागदाची सावली धरा. हात चौकटीत येत नाही ना, तेवढे पाहा. तिसरा, फोटो काढणाऱ्याने स्वतः सावलीत उभे राहावे. महालातल्या अरुंद गल्ल्यांत जुन्या घराची भिंत किंवा छपराची कड सहज मिळते. जुना जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचे गांधी गेट, याचीही सावली चालते. फक्त वर्दळीत मुलांना सांभाळावे. चौथा, सर्वांना थोडे वळवून घ्या, म्हणजे ऊन बाजूने येईल.

ज्यांचा कॅमेरा उन्हात वरचेवर बाहेर निघतो, त्यांनी हूड जरूर घ्यावे; ते धक्क्यापासूनही लेन्सला थोडे वाचवते. वर्षातून दोनदाच फोटो काढणाऱ्या घरात मात्र नळी, कडी, हूड असा पसारा जमवणे इसराफच ठरेल. तळहात प्रत्येकाकडे आहे. येत्या ईदला तो एकदा लेन्सवर धरून पाहा. सावलीसह एक फोटो, सावलीशिवाय एक, आणि दोन्ही शेजारी ठेवा. फरक दिसला, तरच दुकानाची पायरी चढा.