कळा, घड्याळ आणि दापोलीचा रस्ता

दाभोळहून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय तीसेक किलोमीटरवर आहे. रस्ता वळणांचा आणि चढउतारांचा. कोरड्या दिवसात तासाभरात पोचता येते, आषाढातल्या रात्री किती वेळ लागेल ते कुणी छातीठोक सांगू नये. खाडीपल्याड धोपावे आहे, तिथून पुढे गुहागर किंवा चिपळूण गाठता येते. पण २००३ पासून चालणारी फेरीबोट रात्रभर चालत नाही. हे सगळे इथल्या घराघराला पाठ आहे. तरीही दिवस भरत आलेल्या बाईला तपासणीच्या वेळी बहुधा एकच सूचना मिळते: ‘पोटात दुखायला लागलं की या.’

दुखायला लागले म्हणजे नेमके काय, हे त्या सूचनेत नाही. दवाखाना दहा मिनिटांवर असला की तेवढे पुरते. इथे घाई केली तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवणी होते, गाडीभाडे दुप्पट पडते आणि पुढच्या वेळी निघायला घर कचरते. उशीर झाला तर गाडीतच बाळंतपण. या दोन टोकांच्या मधली वेळ ओळखणे शिकवता येते आणि ते आठव्या महिन्यातच शिकवायला हवे, असे आमचे म्हणणे आहे.

मुळात गर्भाशय हा स्नायू आहे आणि तो शेवटचे काही महिने मधूनमधून आवळतच असतो. लंडनचे डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये या आवळण्याचे वर्णन केले आणि त्यांचे नाव त्याला चिकटले. आपल्याकडे या आवळण्याला खोट्या कळा म्हणतात. दिवसभराच्या कामानंतर, पाणी कमी प्यायले की, लघवी तुंबली की त्या जाणवतात. पोट कडक होते, पाच-सात मिनिटांनी पुन्हा होते, मग अर्धा तास काहीच नाही. बाई उठून चालली, तांब्याभर पाणी प्याली, कुशीवर पडली की बहुतेक वेळा त्या विरतात. खऱ्या कळांना असल्या उपायांची पर्वा नसते. त्या कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, निदान पुष्कळ जणींना तशा जाणवतात, आणि तासागणिक त्यांच्यातले अंतर घटते, लांबी वाढते, जोर वाढतो. एका कळेवरून निदान होत नाही. तासभराच्या कळांची चाल पाहावी लागते.

त्यासाठी घड्याळ आणि हात पुरतात. कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंतचे अंतर मोजायचे. पुष्कळ घरांत कळ संपल्यापासून मोजतात आणि मग आकडा चुकतो. कळ किती टिकली ते वेगळे लिहायचे. जोर पाहायला हात बेंबीच्या वर सपाट ठेवायचा. बोटांनी दाबून पाहिल्यावर पोट नाकाच्या शेंड्याइतके दबले तर कळ हलकी, हनुवटीसारखे लागले तर मध्यम, कपाळासारखे टणक झाले तर जोराची. सुईणपणाच्या शिक्षणात जगभर शिकवली जाणारी ही खूण आहे. तिला यंत्र लागत नाही आणि ती नवऱ्याला, सासूला, शेजारणीलाही जमते. कळ सरली की पोट पुन्हा मऊ पडले पाहिजे. न पडले, पोट सारखे टणकच राहिले आणि दुखणे थांबेना, तर मोजत बसायचे नाही, निघायचे.

सुरुवातीचे तास बायकांना सर्वांत जड जातात, कारण दुखते आहे पण काही घडत नाही असे वाटते. आत मात्र बरेच काही घडत असते. प्रत्येक कळेनंतर गर्भाशयाचा स्नायू सैल पडतो खरा, पण पूर्वीइतका लांब होत नाही. थोडा आखूडच राहतो. त्यामुळे खालचे तोंड हळूहळू वर ओढले जाते. पहिलटकरणीत ते आधी पातळ होते, उघडते नंतर. म्हणून सहा तास कळा देऊनही तपासणारी सिस्टर ‘दोनच बोटं उघडलंय’ म्हणते आणि घरच्यांचा धीर सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पातळ होणे आणि उघडणे बरोबरीने चालते, म्हणून ती बाळंतपणे अचानक वेग घेतात.

या संथ टप्प्याला किती वेळ लागावा याचे कोष्टक नाही. अमेरिकेतले इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात प्रसूतीच्या वेगाचा आलेख मांडला आणि तासाला एक सेंटिमीटर हे माप पुढे प्रसूतिगृहांत रुळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते माप सर्वांना लावू नये असे सांगितले. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ सुरुवातीचाच धरावा, तो प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि आई-बाळ ठीक असतील तर केवळ वेळ लागतो म्हणून कळा वाढवण्याच्या मागे लागू नये, अशी तिची शिफारस आहे. ‘मोकळी होत नाही’ म्हणून घरीच कळा वाढवायचे इंजेक्शन देणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत लावावे. बाळाचे ठोके आणि आईच्या कळा यांच्यावर नजर ठेवण्याची सोय नसताना ते औषध बाळाला गुदमरवू शकते, गर्भाशय फाडू शकते. एरंडेलही पाजू नये. जुलाब होऊन बाई ऐन वेळी गळून जाते.

मग हे तास काढायचे कसे? रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करावा, कुशीवर. उताणे पडले की गर्भाशयाचा भार पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, घाबरे होते. दिवस असेल तर ओटीवर फेऱ्या, घरातली हलकी कामे. कळ आली की भिंतीला किंवा खिडकीच्या गजांना धरून पुढे झुकावे, खांदे सैल सोडावेत, श्वास नाकाने घेऊन तोंडाने सावकाश, घेतला त्यापेक्षा लांब सोडावा. दात आवळून, मुठी वळून कळ सोसायची सवय आपल्याकडे शौर्याची मानली जाते. तिने फक्त दमणूक होते. कंबर फार दुखत असेल तर माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर कुणीतरी तळहाताच्या टाचेने कळभर दाबून धरावे. पाणमोट फुटली नसेल तर कोमट पाण्याने सावकाश अंघोळ करावी. दर दोन तासांनी लघवीला जावे. आणि खावे. ‘आता पोटात काही नको’ हा घरोघरीचा हट्ट सुरुवातीच्या तासांत तरी सोडायला हवा. धोका नसलेल्या बाईला प्रसूतीत खाऊपिऊ द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज याहून सोयीचे अन्न दुसरे नाही. दोन कळांच्या मध्ये जो विसावा मिळतो तो पुरा घ्यायचा. पुष्कळ जणी त्या वेळात पुढच्या कळेची धास्ती घेत बसतात.

आता निघण्याची वेळ. शहरी पुस्तकांत पहिलटकरणीसाठी ठोकळ नियम असतो: पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा. दाभोळला तो जशाच्या तसा लावणे घातक आहे. इथे वाटेचा तास त्यात धरायचा आहे, गाडी मिळायला लागणारा वेळ धरायचा आहे. आमच्या मते पहिल्या खेपेला कळा आठ-दहा मिनिटांवर नियमित झाल्या आणि तासभर तशाच राहिल्या की गाडी सांगावी. आधीचे बाळंतपण झालेल्या बाईने कळा नियमित होताच निघावे. संध्याकाळी शंका वाटली तर अंधार पडण्याआधी निर्णय घ्यावा. हा हिशेब आपल्या तपासणाऱ्या डॉक्टरांशी किंवा सिस्टरशी बोलून आधीच पक्का करून ठेवणे उत्तम.

काही बाबतींत मात्र कळांची वाट पाहायची नाही. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचे, आणि पाणी हिरवट असेल तर एक मिनिटही दवडायचे नाही. अंगावरून ताजे रक्त जाणे (कळांच्या सुरुवातीला दिसणारा रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव वेगळा, तो भिण्यासारखा नाही), बाळाची हालचाल मंदावणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका, ताप, सदतीस आठवडे भरण्याआधीच कळा येणे, ही सगळी तातडीची कारणे. आधीचे सिझेरियन, जुळे किंवा आडवे-पायाळू बाळ असेल तर घरी कळा मोजत बसण्याचा प्रश्नच नाही.

गाडीसाठी १०८ आहे, २०१४ पासून. गरोदर बाईला मोफत नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची काय गत केली होती ते आठवावे. झाडे आडवी, तारा तुटलेल्या, फोन मुके. असा प्रसंग रोज येत नाही, पण पावसाळ्यात त्याची छोटी आवृत्ती दरवर्षी येते. म्हणून वाडीतल्या एका गाडीवाल्याला आधी सांगून ठेवणे हे आशाताईंच्या यादीतले काम व्हायला हवे.

सोबतीचेही तेच. प्रसूतीत सतत कुणी जवळ असले तर बाळंतपण थोडे लवकर आटोपते आणि सिझेरियनचे प्रमाण घटते, हे १५,००० हून अधिक बायकांवरच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत बाईच्या ओळखीची सोबतीण आत राहू द्यावी असे कळवले. तरीही ‘बाहेर थांबा’ हे शब्द ऐकू येतातच. बाईला प्रसूतीचे दिवस कळत नाहीत असे समजणाऱ्या नातेवाइकांनीही थोडे आवरते घ्यावे. कळ तिला येते आहे. घड्याळ दुसऱ्याने पाहावे, पण काय होते आहे ते तिला विचारावे.

यापलीकडे शासनाने करण्यासारखे एक काम आहे. गडचिरोली-नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत ‘माहेरघर’ योजना चालते. प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस बाई आरोग्य केंद्रालगत येऊन राहते, सोबत घरचे माणूस असते. किनाऱ्यावरच्या टोकाच्या गावांतल्या, विशेषतः जोखमीच्या बायकांसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती अशी एखादी खोली दापोलीत रुग्णालयाजवळ का असू नये? आज दापोलीत नातेवाईक असलेल्या घरांना ही सोय आपसूक मिळते, बाकीच्यांना नाही. तोवर प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत दहा मिनिटे घड्याळ आणि हात यांच्यासाठी काढता येतील, आणि ‘किती मिनिटांवर कळा आल्या की निघायचे’ हा त्या बाईचा स्वतःचा आकडा तिच्या माता-बाल कार्डावर पेनाने लिहून देता येईल. त्याला ना निधी लागतो ना मंत्रालयाची मंजुरी.